तीन फेऱ्यांची गाठ

मेजरसाहेबांना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे. पाय राहत. साताऱ्यातल्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात कुणीही आलं, की साहेबांची नजर आधी त्याच्या चपलांवर जायची आणि तिथंच मुक्काम ठोकायची. एकदा मामलेदार आले होते, चांगले कोट-टोपी घालून. साहेब त्यांच्या बुटांकडं बघून म्हणाले, "उजवा अंगठा आत वळतोय. बूट बदला." ते म्हणाले, "मी मामलेदार आहे." साहेब म्हणाले, "असाल. अंगठा वळतोच आहे." मामलेदार पुन्हा काही फिरकले नाहीत, पण बूट बदलले असं ऐकलं.

मला ते 'सिस्टर' म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं का नव्हतं, देव जाणे. खरं तर देव जाणे म्हणायची सोय आमच्या घरात राहिली नव्हती. वडिलांनी छप्पन्न साली धर्म बदलला, तेव्हा सगळे देव टोपलीत घालून कृष्णेत सोडून आले होते. गंडेदोरेही त्याच टोपलीतून गेले. मग मी शिकले, नर्स झाले आणि साहेबांच्या तावडीत सापडले.

साहेब ब्रह्मदेशच्या लढाईत होते. तिथल्या फौजी इस्पितळात सुरुंगानं उडालेल्या टाचा बघत त्यांनी तरुणपण काढलं. लष्करातून येताना मेजरची पदवी, लाल बुटांचा जोड आणि तिखट तोंड एवढी इस्टेट घेऊन आले. लग्न केलं नाही. सदा कंपाउंडर म्हणायचा, "कसं करणार? मुलगी बघायला गेले आणि तिला पाय दाखवा म्हणाले असतील." तेही खोटं नव्हतं, त्या काळी मुलींना चालून दाखवायला लावायचेच. पण साहेबांनी टाचेवर बोट दाबून बघितलं असतं.

त्यांची करामत एकच, पण तिच्यापायी कराड-सांगलीपासून लोक यायचे. टाचेचं मांस झडून हाड उघडं पडलं, की इतर डॉक्टर पाय कापायला सांगायचे. साहेब दुसऱ्या पायाच्या पोटरीचं कातडं चरबीसकट तीन बाजूंनी उचलायचे. चौथी बाजू पोटरीलाच ठेवायची, कारण रक्त तिथून येतं. मोकळी बाजू जखमी टाचेवर नेऊन शिवायची. त्याला ते 'पदर' म्हणायचे. मग दोन्ही पाय एकमेकांना जखडून वर प्लास्टर, तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत टाच त्या पदराला आपलं रक्त देऊ लागते, की पोटरीकडची बाजू कापून पाय मोकळे करायचे. ऐकायला सोपं आहे. तीन आठवडे पाय बांधून पडून बघा म्हणजे कळेल.

हे सगळं ते जेवताना भाकरीवर शिकवायचे. भाकरीचा पापुद्रा तीन बाजूंनी सोडवायचे, उलटा करून शेजारच्याच्या भाकरीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता याला रक्त कुठून?" शेजारचा बहुतेक सदा असायचा. मी तिथं होते त्या दोन वर्षांत त्याला धड अख्खी भाकरी मिळाली नाही.

दुसरं वेड मापाचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून जखमेवर ठेवायचे, मग तोच तुकडा उलट्या क्रमानं पोटरीवर आणून जांभळ्या शाईनं रेघ मारायचे. "शेवटापासून सुरू करा. पदर जिथं पोचायचा तिथून मागं मोजत या. पुढं मोजत जाणारा गाढव असतो, शेवटी त्याला बोटभर कमी पडतं." वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे. ताकभात आधी आणि भाजी-भाकरी नंतर. भांडणसुद्धा शेवटापासून. सकाळी दारातून आत येतानाच "डिसमिस!" आणि मग कशाबद्दल ते शोधायचे. सदा दिवसातून दोनदा डिसमिस व्हायचा, मी आठवड्यातून तीनदा. पगार तरीही एक तारखेला व्हायचा.

आणि तिसरं वेड गाठीचं. बाई गं, त्या गाठीचं काय सांगू! खुर्चीच्या पायाला सुतळी बांधून ठेवलेली असायची. येता-जाता तिला गाठ मारायची. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर आणि वर तिसरा फेरा, पुन्हा उजवं डाव्यावर. चुकलं की ओरडायचे, "ही पोत्याची गाठ! जा, अडतीच्या दुकानात पोती बांध!" दवाखाना झाडणाऱ्या बाईलासुद्धा तीन फेऱ्यांची गाठ यायची. वर साहेबांची फुशारकी अशी, की गाठ बघून ती कुणाची हे ते सांगू शकतात. "ही सदाची, ढिली, त्याच्यासारखी. ही सिस्टरची, शेवटचा फेरा रागानं ओढलेला." आम्ही मागं तोंड फिरवून हसायचो. तोंड ओळखता येत नाही, आणि म्हणे गाठ ओळखतो.

हौसाला आणलं ते पावसाळ्याच्या मध्यावर. उंब्रजच्या अलीकडच्या गावची, वीस-बावीस वर्षांची. आदल्या हंगामात उसानं भरलेली बैलगाडी तिच्या डाव्या टाचेवरून गेली होती. घरी हळद झाली, चुना झाला, कुणीतरी रॉकेल ओतलं. टाचेत हाड दिसत होतं. नवरा फौजेत, सरहद्दीवर. बरोबर सासू. ती पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाय ऱ्हायला तर ही माजी सून. तुटला तर पोराला दुसरी करून देनार. लंगडी काय भांगलनार, का पानी आननार?" हौसा भिंतीकडं तोंड करून पडली होती. साहेबांनी सासूकडं बघितलंच नाही. टाचेवर ट्यूबचा तुकडा ठेवत म्हणाले, "पोटरी झकास आहे."

माझी आणि त्या म्हातारीची पहिली भेटही सांगण्यासारखी आहे. मी चहा घेऊन गेले. तिनं विचारलं, "कंच्या गावची तू?" मी सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "म्हंजी कोन तुमी?" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." "त्ये झालं. आदीचं?" मी आधीचंही सांगितलं. तिनं आपला तांब्या हळूच खाटेखाली सरकवला आणि चहा नको म्हणाली, पित्त हाय म्हणाली. हे पित्त पुढं पंधरा दिवस टिकलं. तिच्या सुनेच्या टाचेतला पू मी पुसायची, ते मात्र चालायचं. पुवाला जात नसते.

ऑपरेशन झालं. पदर सुरेख बसला. चौथ्या दिवशी गुलाबी, ऊबदार, बोट दाबून सोडलं की पुन्हा रंग भरणारा. प्लास्टरला त्या जागी खिडकी ठेवली होती, तिच्यातून पोटरीपासून टाचेपर्यंतचा तो कातड्याचा पूल दिसायचा. आणि आमच्या साहेबांना चढली ऐट! जो येईल त्याला बोलावून दाखवायला लागले. पोस्टमन आला, त्याला दाखवलं. शाळेचे हेडमास्तर आले, त्यांना दाखवलं. सायकलवाला तर आपल्या ट्यूबचं माप म्हणून बायकोला घेऊन आला. हौसा बिचारी लुगड्याच्या पदरानं तोंड झाकून घ्यायची. साहेबांना त्याचं काय, तोंड झाकलं तरी टाच उघडीच होती.

त्याच दिवसांत पाकिस्तानशी लढाई पेटली. रेडिओवर रोज सरहद्दीची नावं यायची. हौसाच्या नवऱ्याचं पत्र थांबलं. म्हातारीनं जेवण टाकलं. तोंडाळ होती ती गप्प झाली, त्याचीच भीती वाटायला लागली.

एका दुपारी साहेब सायकलच्या दुकानात गेले होते. म्हातारीनं मला खुणेनं बोलावलं. कनवटीतून काळा दोरा काढला. "आख्खा सातारा बगून गेला गं त्या कातड्याला. दिष्ट न्हाई लागायची तर काय व्हईल? तिकडं पोरगं, हितं ही. माजी बोटं कापत्यात, दिसत बी न्हाई. तू बांद." मी म्हटलं, "आजी, असलं काही नसतं." रोज सगळ्या बायकांना हेच भाषण मी द्यायची. तिनं माझं मनगट धरलं. पंधरा दिवस माझ्या हातचं पाणी न घेणारीनं! म्हणाली, "तुज्या हाताला गुन हाय, पोरी."

आता खरं सांगते, मी विरघळले. वडिलांनी नदीत सोडलेली टोपली विसरले, शिकलेलं विसरले. त्या बाईनं माझा हात धरला होता, बस्स. बाकी सगळा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून दोरा त्या पुलाभोवतीच बांधला. एक बोट आत जाईल एवढा ढिला ठेवला. वर पट्टीची घडी घातली. हौसा माझ्याकडं बघत होती. नव्या पदराला सूज येते हे मला तोंडपाठ होतं. तरी बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पट्टी काढली, आणि पदर वांग्यासारखा जांभळा. सूज चढली होती आणि दोरा तिच्यात रुतला होता. पदरात रक्त जात होतं, पण परतीची वाट बंद. साहेब इतक्या मोठ्यानं ओरडले, की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "कुणी बांधलं हे? कुणी?"

साहेबांनी कात्री उचलली, दोऱ्याजवळ वाकले आणि थांबले. बघत राहिले. मग गाठ होती ती बाजू सोडून पलीकडच्या बाजूनं दोरा कापला आणि गाठीसकट खिशात टाकला. ओरडणं बंद झालं होतं. तेवढ्यात म्हातारी पुढं आली. "म्या बांदला. माजं हात तोडा, पर पोरीचा पाय ठिवा." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. मी नाही उघडलं. साहेब शांतपणे म्हणाले, "म्हातारे, फाटकाबाहेर. पाय सुटेपर्यंत आत दिसायचं नाही."

पदरात कोंडलेलं रक्त बाहेर काढायला पाहिजे होतं, नाहीतर दोन दिवसांत तो सडला असता आणि मागून पायही गेला असता. साहेब मला म्हणाले, "सिस्टर, चल." समोरच्या बोळात एक वैद्यबुवा होते. साहेब त्यांना 'पालापाचोळा' म्हणायचे आणि वैद्यबुवा साहेबांना 'खाटीक'. दोघांमध्ये दहा वर्षांत एक सरळ शब्द गेला नव्हता. साहेब ओट्यावर चढले, तर वैद्यबुवा म्हणाले, "बूट बाहेर." कलेक्टरच्या बंगल्यात बूट न काढणारा आमचा मेजर खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. मोज्याला भोक होतं.

"काय पाहिजे?" वैद्यबुवांनी विचारलं.

"जळवा."

"का? पालापाचोळा कशाला हवाय खाटकाला?"

"आधी जळवा द्या. भांडायला मी उद्या येतो."

वैद्यबुवा उठले. काही म्हणा, माणूस चांगला. मडकं आणलं, हळदीची पुडी घेतली आणि तसेच उघड्या अंगावर उपरणं टाकून आमच्याबरोबर निघाले. मडकं माझ्या डोक्यावर दिलं.

जळवा लावायचं काम साहेबांनी मला दिलं. फक्त मला. सदा होता, झाडणारी बाई होती, मोठ्या सिस्टर होत्या. "नाही. हीच." तीन दिवस मी त्या वळवळणाऱ्या जळवा चिमटीत धरून हौसाच्या पदरावर ठेवत होते. रक्त पिऊन टम्म झाल्या की गळून पडायच्या, त्यांना हळदीत टाकून ओकवायचं आणि पुन्हा नव्या लावायच्या. माझ्या अंगावर काटा यायचा, जेवण जायचं नाही. आणि डोक्यात एकच, की मीच का? घाण काम आलं की मीच का? उत्तर मला ठाऊक होतं. असली उत्तरं मी लहानपणापासून ओळखते, आणि दहातल्या नऊ वेळा मी बरोबर असते. मनात म्हटलं, वा मेजरसाहेब! बाहेर एवढे साहेब, आणि आत तुम्हीही तेच. त्यातून आणखी हसू यायचं ते याचं, की गाठ ओळखणाऱ्या या शहाण्याला डोळ्यापुढची गाठ काही ओळखता आली नाही!

म्हातारी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली पोतं पांघरून बसली होती. पाऊस झिमझिमत होता. मी रोज चहा न्यायची, ती तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी पेला घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "साकर कमी हाय." मी आत जाऊन साखर आणली. दोऱ्याबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पदर गुलाबी झाला. कडेचा पेरभर तुकडा काळा पडून गेला, बाकीचा वाचला. तीन आठवड्यांनी पाय सुटले. तोवर पत्रही आलं होतं, पोरगा सुखरूप होता. महिनाभरानं हौसा टाच टेकून दारापर्यंत चालत गेली आणि साहेबांच्या पाया पडायला वाकली. साहेब दोन पावलं मागं सरकले. "वाकू नका! वजन टाचेवर येतं!" सगळा वॉर्ड रडत होता आणि हे टाचेकडं बघत होते. म्हातारीनं सुनेला हाताला धरून रस्त्यापर्यंत नेलं. दुसरी सून करायचं नाव पुन्हा तिच्या तोंडून आलं नाही.

मी मात्र साहेबांना माफ केलं नाही. वर्षभरात मला सांगलीला सरकारी नोकरी लागली आणि मी गेले. निरोपाला साहेबांनी माझ्या चपला बघितल्या आणि म्हणाले, "पट्टा सैल आहे." पुढं सांगलीत मैत्रिणींना हसवायला मी साहेबांची नक्कल करायची. भाकरीची, गाठीची, मामलेदाराची. जळवांची गोष्टही सांगायची, म्हातारीनं दोरा बांधला असं म्हणून.

तीन वर्षांनी कळलं, की साहेबांनी दवाखाना बंद केला आणि ते सांगलीलाच पुतणीकडं आलेत. हात कापतात म्हणे. जावं का नको करत एका रविवारी गेले. व्हरांड्यात बसले होते, पायात तेच लाल बूट. माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायांकडं बघून म्हणाले, "सिस्टर, टाचा फुटल्यात तुझ्या. कोकमाचं तेल लाव."

मला आधी हसू आलं. मग विचारपूस झाली. हौसाला दोन मुलं झाली, उसाच्या मोळ्या उचलते, हे उंब्रजकडच्या पेशंटांकडून ऐकलेलं मी सांगितलं. म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली, हेही. साहेब उठले आणि आतून बिस्किटांचा डबा घेऊन आले. डब्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, प्रत्येकावर जांभळ्या शाईनं गावाचं नाव. माणसाचं नाही, गावाचं. उंब्रजचा तुकडा काढला, तर त्याच्याभोवती काळा दोरा गुंडाळलेला, गाठ तशीच.

मी तो जवळ घेऊन बघितला. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, वर तिसरा फेरा. आणि शेवटचा फेरा रागानं ओढलेला.

"म्हातारीला ही गाठ कुठून येणार?" साहेब म्हणाले. "तिची पोत्याची असती. पोत्याची असती तर सूज आल्यावर सुटली असती."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कात्री लावायच्या आधी."

"मग तिला का बाहेर काढलंत?"

"दोरा तिचा, गाठ तुझी. तिला फाटक, तुला जळवा."

चार वर्षं मी ज्या रागावर जगत होते, तो पायाखालून निघून गेला. दहावी वेळ होती ती, आणि मला ती ओळखता आली नव्हती. लाजेनं तोंड वर करवेना. बरं, वर करून उपयोग काय, समोरच्याला तोंड कुठं लक्षात राहतं! कसंबसं विचारलं, "मला डिसमिस का नाही केलंत? उठल्यासुटल्या करत होता की."

"आणि जळवा कुणी धरल्या असत्या? सदा मडकं बघूनच आडवा झाला होता." साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हातारीला कधी सांगितलंस, की चूक माझी होती?"

"तिला ठाऊकच होतं."

"ते मी नाही विचारलं."

मी नाही म्हणून मान हलवली. आता सांगायला ती उरली नव्हती. साहेबांनी माझ्या फुटलेल्या टाचांकडं बघितलं. मग दोरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ने. तुझा आहे."

घरी आले आणि ती गाठ सोडायला बसले. नखं लावली, सुई लावली. तिन्ही फेरे एकमेकांत घट्ट बसले होते, काही केल्या सुटेना. साहेबांनी शिकवलेली गाठ होती, ती कशाला सुटते.